मुक्तीला जायचंय की बेटावर?

केडगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "मुक्तीला जायचंय की बेटावर?" बाहेरून येणारं माणूस इथे बहुतेक याच दोन ठिकाणी जातं. बेट म्हणजे नारायण महाराजांचं, दत्ताचं. मुक्ती म्हणजे पंडिता रमाबाईंचं मिशन. मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलली, "मुक्तीला, बाळा. सावकाश ने, गुडघे दुखतात माझे."

मावशी म्हणजे आईच्या बुधवारच्या प्रार्थनामंडळातली तिची जिवाची मैत्रीण. आईला जाऊन आठ महिने झाले होते. शेवटचे सतरा दिवस मी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून एकच प्रार्थना केली होती आणि अठराव्या दिवशी आई गेली. त्यानंतर माझ्याने प्रार्थना होईना. राग होता असंही नाही. विहीर आटावी तसं झालं होतं. रोज रात्री आईचं बायबल उघडायची, डोळे ओळींवरून फिरायचे, वचन मात्र आत उतरायचं नाही. रविवारी उपासनेला जायची, गीत सुरू झालं की ओठ हलवायची. "प्रभूची इच्छा," असं कुणी म्हणालं की मान डोलवायची आणि घरी येऊन दार लावून घ्यायची. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मावशीचा फोन आला. "उद्या पहाटे स्टेशनावर ये. दौंड शटलने मुक्तीला जाऊन येऊ. तू काही करू नकोस, माझी पिशवी धर फक्त."

पुण्याहून केडगाव साठेक किलोमीटर. लोणी, उरुळी, यवत, मग खुटबाव. यवतच्या पुढे खिडकीतून गुऱ्हाळाचा वास आला. उकळत्या रसाचा, थोडा करपट, गोड. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, सगळं कालव्याचं पाणी. मावशी म्हणाली, "आज हिरवं दिसतंय गं. आमच्या आजीने हाच मुलूख उघडाबोडका पाहिला होता."

ही आजी मुक्तीत वाढलेली. गुजरातेत ज्याला छप्पनिया म्हणतात त्या १८९९-१९०० च्या दुष्काळात रमाबाईंची माणसं गावोगाव फिरून पोरक्या मुली आणि विधवा केडगावला आणत होती. त्याआधी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातूनही अशाच आणल्या होत्या. मावशीची आजी छप्पनियात सहा वर्षांची. आपल्या गावाचं नाव तिला कधीच आठवलं नाही. आठवायचं ते एवढंच, की कुणीतरी तिला मांडीवर घेऊन चमच्याचमच्याने पेज भरवत होतं आणि ती जास्त मागत होती, तर "थांब, पोट फाटेल" म्हणत होतं.

रमाबाईंना ही भूक पुस्तकातून कळलेली नव्हती, आणि मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त वाटतं ते यासाठी. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, तिने ते लेकीला शिकवलं, पुराणं मुखोद्गत करून घेतली, आणि ते कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरलं. मग दुष्काळ आला. आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी भारतभर हिंडली. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, पदरी तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. मुंबईत १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन, ते पुढल्या वर्षी पुण्याला, आणि शेवटी केडगावच्या या माळावर मुक्ती. शाळेत हे सगळं मी दहा मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्या रविवारी रिक्षात मात्र मी मनात मोजत होते, की या बाईने किती जणांना माती दिली.

चर्च मोठं आहे. चपला बाहेर काढून आत गेलो, सतरंजीवर बसलो. बायका, मुली, कडेवर बाळं घेतलेल्या तायाबाया. पेटी आणि तबला होता, टाळही होते. मराठी ख्रिस्ती भजनाची ती चाल ऐकली की माझ्या पोटात आजही कालवतं, कारण आमच्या घरी आई पोळ्या लाटताना तीच चाल गुणगुणायची. मी ओठ हलवत बसले.

मग शास्त्रवाचनासाठी एक आजी उठल्या. एका मुलीने त्यांना हाताला धरून पुढे नेलं, मेजावर जाडजूड ब्रेल पुस्तक उघडून दिलं. आजींना दिसत नव्हतं. मी अगदी पुढे, उजव्या अंगाला बसले होते, त्यामुळे त्यांचे हात मला जवळून दिसत होते. डाव्या हाताचं बोट ओळीच्या सुरुवातीला टेकवून ठेवलेलं, उजव्याची तर्जनी पुढे सरकत चाललेली, जात्यात पीठ चाचपून पाहावं तशी हलकी. नखं बारीक कापलेली, बोटाचं टोक चपटं, गुळगुळीत झालेलं. बायबलमधल्या विलापगीताचा तिसरा अध्याय होता. माणूस त्यात आधी नुसती तक्रार करतो. देवाने मला अंधारात चालवलं, माझी वाट दगडांनी बुजवली, मी हाका मारतो तरी तो ऐकत नाही. हे सगळं त्या बाईंनी काही न गाळता, न घाईने वाचलं. अंधाराचं वाक्य वाचताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मग बाविसावं वचन आलं, देवाच्या करुणेला खंड पडत नाही, आणि त्यापुढचं: "ती रोज सकाळी नवी होते." इथे त्यांचं बोट थांबलं. ओळ संपली होती, पण बोट तिथेच राहिलं, जणू त्या खालच्या टिपक्यांना ऊब होती. दोन-तीन श्वासांनंतर त्यांनी तेच परत वाचलं.

घरी हा अध्याय मी त्या आठ महिन्यांत कितीतरी वेळा उघडला असेन. पण नेहमी थेट ‘नवी होते’वर उडी मारायची, कारण तेवढंच वचन कॅलेंडरवर छापतात. वरची एकवीस वचनं कुणी माझ्यासमोर मोठ्याने वाचलीच नव्हती. देवाच्या घरात, भरल्या मंडळीत, देवाविरुद्धची ती तक्रार पवित्र शास्त्र म्हणून वाचली गेली आणि सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. माझा कोंडलेला श्वास तिथे पहिल्यांदा सुटला.

त्यानंतर प्रार्थना. मुक्तीची प्रार्थना कशी असते ते मावशीने गाडीत सांगितलं होतं, तरी मी तयार नव्हते. पाळकांनी "प्रार्थना करू या" म्हटलं आणि सगळे एकाच वेळी मोठ्याने सुरू झाले. प्रत्येकीची आपली. कुणी गुडघ्यावर, कुणी कपाळ जमिनीला टेकवून. ही इथली रीत जुनी आहे. वेल्समधल्या धर्मजागृतीची बातमी ऐकून १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला तयार असणाऱ्या मुली मागितल्या. सत्तर उभ्या राहिल्या आणि संख्या वाढत काही शेकड्यांवर गेली. जूनच्या अखेरीस इथे जे झालं ते ख्रिस्ती जगात आजही सांगतात. मुली रात्र रात्र रडत, पापं कबूल करत, गात, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. लॉस एंजेलिसची प्रसिद्ध जागृती १९०६ ची, केडगावची तिच्या आदल्या वर्षीची. केडगावला रडणाऱ्या कितीतरी मुलींनी आपले आईबाप भुकेने मरताना पाहिले होते. त्या रडण्यात ते मरणही असणारच, असं मला वाटतं.

त्या आवाजांच्या पुरात मी बसले होते. शेजारची मुलगी कुणाच्या तरी किडनीसाठी विनवत होती. मागून एक म्हातारा आवाज नुसतं "बापा, बापा" म्हणत होता. आणि माझ्या लक्षात आलं, की इथे मला कुणीही ऐकू शकत नाही. मी तोंड उघडलं. शब्द आलेच नाहीत. घशातून एक आवाज निघाला, जनावराचा असावा तसा, आणि तो निघतच राहिला. मावशीचा हात माझ्या पाठीवर आला. तिने आपली प्रार्थना थांबवली नाही, हात फक्त तिथे ठेवला.

लहानपणी रोमकरांस पत्रातलं एक वचन मला अवघड वाटायचं: आपण काय मागावं ते आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा "अनिर्वाच्य कण्हण्याने" आपल्यासाठी मध्यस्थी करतो. आईला विचारलं होतं, अनिर्वाच्य म्हणजे काय? ती म्हणाली, "बाळंतीण कण्हते ना, तिला कुणी विचारतं का, काय म्हणालीस? सुइणीला कळतं."

उपासनेनंतर आमटी-भात जेवलो आणि रमाबाईंच्या कबरीपाशी जाऊन बसलो. मावशीने आजीची गोष्ट पुरी केली. थोडी मोठी झाल्यावर आजीला मुक्तीच्या छापखान्यात घातलं. रमाबाई पंधराहून अधिक वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. संस्कृत जिच्या जिभेवर लहानपणापासून खेळलं, तिनेच जड संस्कृत शब्द टाळून खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी धरलं. छपाईचं काम मुक्तीतल्या बायका-मुलीच करत. आजी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे आजीला उलटं वाचायची इतकी सवय झाली, की नातवंडांचा अभ्यास ती समोर बसून, पुस्तक न फिरवता घ्यायची. "पाटी माझ्याकडे, आजी पलीकडे, तरी चूक तिला आधी दिसायची," मावशी म्हणाली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, चाळिशीची, मुक्तीचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा ती. रमाबाईंनी प्रुफं तपासणं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. शेवटची प्रुफं पुरी होईपर्यंत त्यांनी देवाकडे थोडे दिवस मागून घेतले होते, असं मुक्तीत सांगतात. छापलेलं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, ते त्यांनी पाहिलं नाही. लेकीच्या मागे उरलेले ते आठ-नऊ महिने माझ्या डोक्यातून जात नव्हते. माझे आठ झाले होते.

निघताना वाचन करणाऱ्या आजी व्हरांड्यात भेटल्या. मी पाया पडले. त्यांनी माझा चेहरा चाचपला, डोळ्यांपाशी बोट ओलं झालं तसं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "आई." त्यांनी आईचं नाव विचारलं आणि माझंही. मग दोन्ही नावं एकदा स्वतःशी म्हणून पाहिली. "पहाटे पाचला आम्ही बसतो," त्या म्हणाल्या. "तुझं नाव घेईन. तुला जमेल तेव्हा तू घे, तोवर माझ्याकडे राहू दे."

परतीची शटल उशिरा होती. फलाटावर मावशीने पिशवीतून गुळाची ढेप काढून मला तुकडा मोडून दिला. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

"बुधवारी येशील?" तिने विचारलं. "तुझ्या आईची जागा भिंतीकडेच आहे, कुणी बसत नाही तिथे."

"येते," मी म्हटलं. "पण मला बोलून प्रार्थना नाही जमायची अजून."

"मग कण्ह," मावशी म्हणाली, आणि गाडी येते का ते पाहायला फलाटाच्या कडेला गेली.