तुम्ही विचारलंत म्हणून : अजून चालू आहे का तुमचं ते?

पुण्याकडचे नातेवाईक लग्नाकार्यात भेटले की हटकून विचारतात, "अजून चालू आहे का तुमचं ते सीमाप्रश्नाचं?" पाठोपाठ दुसरा प्रश्न : "कानडी तर तुम्हाला छान येतं, मग तिथं राहायला अडचण काय?" आजवर विषय बदलून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

हो, चालू आहे. बेळगाव आणि आसपासचा मराठी भाग कर्नाटकातून महाराष्ट्रात यावा, हा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. त्यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा कर्नाटक विधानसभेत २०१८ ला एकही आमदार आला नाही, २०२३ लाही नाही, हे मला कुणी ऐकवायची गरज नाही. गट पडले, मतं फुटली. रस्ता-पाणी बघून मत देणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्यातली कितीतरी माणसं १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिवशी, निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत मला दिसतात, आणि जूनमध्ये हिंडलग्याला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनातल्या हुतात्म्यांना फूल वाहायलाही येतात.

आणि अडचण कानडीची नाही हो. शनिवारच्या बाजारात आप्पा कानडीत अशी घासाघीस करायचे की त्यांना कुणी मराठी म्हटलं नसतं. वाचता मात्र येत नव्हतं. शाळा मराठी, तीही सातवीपर्यंत.

मी कॉलेजात, होस्टेलवर असताना त्यांना एक नोटीस आली. दोन पानं, सगळी कानडीत, खाली गोल जांभळा शिक्का. भाऊ कोल्हापूरला नोकरीला, घरी आप्पा आणि आई दोघंच. आप्पा दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसनं कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाला कानडीतच म्हणाले, ह्यात काय लिहिलंय तेवढं सांगा. त्यानं कागद हातातसुद्धा घेतला नाही. इतकी वर्षं इथलं अन्न खाता, वाचायला शिकला नाहीत? आप्पांनी मराठीत प्रत मागितली. मागं रांग होती. "मराठी पाहिजे तर महाराष्ट्रात जा," असं म्हणून त्यानं पुढच्याला हाक मारली. गावच्या पारायणात पोथी वाचून अर्थ सांगणारा माणूस त्या खिडकीपुढं अडाणी ठरला. घरी येऊन ते आईलाही काही बोलले नाहीत.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक कानडी मास्तर राहायचे. ते सुट्टीला गावी गेलेले. परत आल्याआल्या आप्पांनी कागद त्यांच्यापुढं धरला. मास्तरांनी उभ्याउभ्याच वाचला आणि म्हणाले, "आप्पा, मोजणी परवाच झाली की." शेजारच्यानं मागवलेली मोजणी होती. आमच्या बाजूनं कुणी हजर नव्हतं. बांध सरकला आणि आजोबांनी लावलेली आंब्याची दोन झाडं पलीकडं गेली. तक्रारीचा अर्ज मास्तरांनी स्वतः कानडीत लिहिला, आप्पांना घेऊन कचेरीत गेले आणि त्याच खिडकीवर त्या माणसाशी कडाकडा भांडले. झाडं काही परत आली नाहीत.

सुट्टीला घरी आल्यावर हे मला आईकडून कळलं. त्या वर्षी मी मास्तरांशीच वाद घातला. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत बेळगाव शहरात मराठी जास्त होते, सीमा ठरवताना खेडं हा घटक धरा, केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्यायला सांगून बेळगाव कर्नाटकातच का ठेवायला सांगितलं, सगळं मला तोंडपाठ होतं. मास्तरांनी एवढंच विचारलं, "मग आम्हाला नोटीस कुठल्या भाषेत येईल गं?" मी म्हटलं होतं, तुमचं तुम्ही बघा. विसाव्या वर्षी ते बोलायला काही वाटलं नाही. आज नाही बोलवत. जत-अक्कलकोटकडच्या कानडी म्हाताऱ्याला मराठी सातबारा वाचता येत नसेल, तर तो कुणापुढं धरत असेल?

तरी त्या वेळची मी अजून गप्प बसत नाही. ती म्हणते, हा विचार नेहमी आम्हीच का करायचा? लोकांना न विचारता १९५६ साली रेघ ओढली, तेव्हा आमचा कुणी केला? तिला द्यायला माझ्याकडं उत्तर नाही.

निकाल लागेल तेव्हा लागो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे देशपातळीवर कधीच ठरलंय. ते तरी पाळा, असं माझं म्हणणं. भावाला ते पटत नाही. तो म्हणतो, कागद मराठीत मिळाले की लोक घरी बसतील, आणि सरकारला तेच हवंय. मी म्हणते, लोकांना खिडकीपुढं ताटकळत ठेवूनच चळवळ जगणार असेल, तर तसं आप्पांना तोंडावर सांगायची तुझी तयारी आहे का? त्यावर तो चिडतो. मागच्या दिवाळीत आमचं यावरून जोराचं वाजलं, आणि यंदाही वाजणार.