तजवीदची वही, महिना आठवा: शब्दाच्या शेवटची जेर

तजवीद म्हणजे कुरआन नियमाने, शुद्ध उच्चारून वाचण्याची विद्या. पहिले सात महिने मखारिजमध्ये, म्हणजे कुठलं अक्षर तोंडातून-घशातून कुठून निघतं ते शिकण्यात, गेले. ऐन आणि 'बडी हे' ही अक्षरं घशाच्या मधल्या भागातून, बडा काफ जिभेच्या मुळापासून, ज्वाद जिभेची कड वरच्या दाढांना टेकवून. ज्वाद अजून दहातून सहा वेळाच नीट उतरतो. पण या महिन्यात आपांनी एकही नवं अक्षर दिलं नाही. (आपा माझ्याहून बऱ्याच लहान आहेत, पण शिकवतात म्हणून आपाच. त्या मला बाजी म्हणतात.) फातिहा (कुरआनचा पहिला सूरा, म्हणजे अध्याय) घ्या म्हणाल्या आणि बिस्मिल्लाह झाल्यावर पहिल्याच शब्दावर थांबवलं.

"बाजी, दालवर पेश आहे. पुढे वाव नाही."

पेश म्हणजे आखूड उकार, जेर म्हणजे आखूड इकार, जबर म्हणजे आखूड अकार. पुढे वाव आला की उकार लांबतो, ये आली की इकार. मी 'अल्हम्दु'चं 'अल्हम्दू' म्हटलं होतं. पुढे 'मालिकि यौमिद्दीन'मध्ये 'मालिकी' झालं, त्यापुढे 'नअ्बुदु'चं 'नअ्बुदू'. लहानपणी मोहल्ल्यातल्या मकतबात कायदा (अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक) संपवला तेव्हापासून मी असंच म्हणत आले असणार. आपल्या मुसहफांत (कुरआनच्या प्रतींत) तर फरक डोळ्यांना दिसतो: साधी जेर आखूड, खडी जेर लांब, साधा पेश आखूड, उलटा पेश लांब. वाचताना सगळं दिसत होतं, तोंड मात्र ऐकत नव्हतं. आणि ही चूक लहान नाही. गुन्ना (नाकातला गुंजार) थोडा कमी पडला तर ती लहन खफी, सूक्ष्म चूक. जेर ताणून तिची ये झाली, तर नसलेलं अक्षर घातलं गेलं, म्हणजे लहन जली, उघड चूक.

आठवडाभर रोज फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर फोनवर फातिहा रेकॉर्ड केली आणि संध्याकाळी पेन्सिल घेऊन ऐकली. खुणा बघितल्यावर कळलं की लांबणारी प्रत्येक जेर आणि प्रत्येक पेश शब्दाच्या शेवटी होता. 'लिल्लाहि'तली पहिली 'लि' बरोबर, शेवटची 'हि' लांब. 'मालिकि'तली 'लि' बरोबर, 'कि' लांब. जबर मात्र कुठेच लांबत नव्हता.

हा दोष अरबीचा नव्हता, मराठीचा होता. आपण कवी, गुरू, मती असं लिहितो, कारण शब्दाच्या शेवटचे इकार-उकार आपल्या तोंडी लांबतात. 'आणि' लिहिताना ऱ्हस्व, पण बोलताना आपण सगळे 'आणी'च म्हणतो. माझ्या जिभेला हे वळण जन्मापासूनचं आहे. उर्दू माध्यमातून शिकलेल्यांना 'स्वाद-सीन', 'जाल-जे' या जवळच्या आवाजांच्या जोड्या छळतात, ते मलाही छळतात. पण शेवटची जेर आपल्याला किती नडते याबद्दल मराठी बोलणाऱ्या कुणाकडूनच मी ऐकलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

उपाय मराठीतच सापडला. 'कवी' म्हणताना वी लांबते, पण 'कविता' म्हणताना तीच वि आपोआप आखडते, कारण ती आता मधे आलेली असते. तिलावतमध्ये (कुरआन वाचताना) वक्फ, म्हणजे थांबा, केला नाही तर शब्द जोडूनच वाचायचे असतात. मग मी 'मालिकियौमिद्दीन' हा एकच शब्द आहे असं मनात धरलं आणि 'कवितासारखं, कवीसारखं नाही' असं स्वतःला सांगत म्हटलं. तिसऱ्या दिवशी 'कि' जागेवर आली. आपांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडून 'कविता' चारदा म्हणवून घेतलं आणि खूश झाल्या.

मोजणीसाठी शाळेतल्या वृत्तांचे लघु-गुरु कामाला आले. वहीत आयतीच्या (कुरआनातल्या वचनाच्या) वर लघु-गुरुच्या खुणा केल्या: मा गुरु, लि लघु, कि लघु. आखूड स्वर एक हरकत (मात्रा), मद्द तबीई म्हणजे साधा लांब स्वर दोन. एवढ्यापुरताच हा हिशेब चालतो. वृत्तात जोडाक्षरामागचं अक्षर गुरु होतं, इथे तश्दीदमागचा (तश्दीद म्हणजे अक्षर दुहेरी करणारी खूण) स्वर आखूडच राहतो आणि तश्दीद आपला वेळ वेगळा घेते. शिवाय हरकत म्हणजे सेकंद नव्हे. तहकीकमध्ये सगळंच सावकाश, हद्रमध्ये सगळंच जलद, प्रमाण तेवढं कायम राहिलं पाहिजे. माझं प्रमाण संथ वाचताना बिघडतं. जितकी सावकाश वाचते, तितकी जेर पसरते. म्हणून मी कारी (कुरआनपठणकार) महमूद खलील अल्हुसरी यांच्या १९६१ च्या मुरत्तल (संथ, सरळ पठणाच्या) ध्वनिमुद्रणासोबत, त्यांच्याच गतीने म्हणते. त्यांच्या 'लि' आणि 'कि' जुळ्या वाटाव्यात इतक्या सारख्या आहेत.

सहा हरकतींचा मद्द लाजिम, म्हणजे सक्तीचा लांब स्वर ('वलज्ज्वाल्लीन') मला कधीच अवघड गेला नाही. आखूड ते आखूड ठेवणंच कठीण.

'नअ्बुदु व इय्याक' अजून हातात आलेलं नाही. मराठी 'व' आपण खालचा ओठ वरच्या दातांशी नेऊन म्हणतो. अरबी वावला दात लागत नाहीत, दोन्ही ओठ गोल होतात. पाचव्या महिन्यात वाव सुधारला, आणि आता पेशचे गोल ओठ तसेच वावमध्ये घसरतात, मधली जागा ताणली जाते. सध्या 'दु' म्हणून ओठ किंचित सैल सोडते, मग वाव घेते. दहातून पाच. तजवीदचे जुने उस्ताद इब्नुल जजरी (निधन १४२९, शीराज) यांनी सांगून ठेवलंय की तजवीद येणं आणि न येणं यांत अंतर फक्त जबड्याच्या कसरतीचं आहे. वाचताना तो मला नुसता उपदेश वाटला होता. आता संध्याकाळी गाल खरोखर दुखतात.

काल शनिवारचा पाठ. फातिहा न थांबवता ऐकून आपांनी इख्लास (आणखी एक छोटा सूरा) घ्यायला सांगितली. शेवटची आयत आली, मी महिनाभराच्या सवयीने सगळे पेश आखडून म्हटलं, 'व लम् यकुल्लहु कुफुवन् अहद'.

"बाजी, कुफुवन् अगदी बरोबर, दोन्ही पेश आखूड. पण त्याआधी बघा, 'हे' अक्षरावर उलटा पेश आहे."

यकुल्लहू. इथे लांबच हवा होता. रात्री मुसहफ उघडून 'अम्म' पाऱ्यातल्या (कुरआनच्या शेवटच्या भागातल्या) शब्दांच्या शेवटी येणाऱ्या प्रत्येक खड्या जेरवर आणि उलट्या पेशवर बोट ठेवत बसले. चार सूरे झाले आहेत, बाकीचे या आठवड्यात.