धारिष्टाच्या कविता तोंडपाठ: मे ते ऑगस्टची नोंद

यंदाच्या यादीत बारा रचना धरल्या होत्या. ऑगस्ट संपता संपता नऊ उरल्या आणि त्यांतल्या सहा पक्क्या झाल्या. पक्कीची कसोटी एकच ठेवली आहे. मधल्या कोणत्याही कडव्याचा पहिला शब्द दिला की तिथून पुढे न अडखळता म्हणता आले पाहिजे. पहिल्या ओळीपासून गाडी सोडली तरच जी चालते, ती पक्की नव्हे.

या रचना मंचावर म्हणायचा कार्यक्रम ९ सप्टेंबरचा, चाळीस मिनिटांचा. गळालेल्या तीनपैकी दोन विनायकांच्या. हे कवी (१८७२–१९०९) जन्माने धुळ्याचे आणि वीरस्त्रियांवरची त्यांची कथाकाव्ये यादीत असायलाच हवीत, पण ती लांब आहेत आणि तुकडा काढला की कथेचा धागा तुटतो. तिसरी साने गुरुजींची ‘बलसागर भारत होवो’. ती गाण्याचीच. नुसती म्हणू लागले तरी ऐकणाऱ्याच्या कानात चाल वाजत राहते.

मे: तुतारी

केशवसुत फैजपूरच्या शाळेत शिक्षक होते म्हणून आपल्याकडे खानदेशात ‘तुतारी’ फैजपूरची असे ठोकून देतात. ती १८९३ ची, त्यांच्या फैजपूरला येण्याच्या आधीची. सूत्रसंचालनाच्या कागदावर हे नीट लिहून ठेवा.

कवितेची ओळ सोळा मात्रांची, आठ-आठच्या दोन तुकड्यांत (लघु म्हणजे हलक्या अक्षराची एक मात्रा, गुरू म्हणजे जड अक्षराच्या दोन). पाठांतराआधी वहीच्या डाव्या पानावर ओळी आणि उजव्या पानावर लघु-गुरूच्या खुणा पेन्सिलीने केल्या. कंटाळवाणे काम आहे, पण पुढच्या निम्म्या चुका इथेच सापडतात. ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ यात शेवटचा ‘नि’ ऱ्हस्व. ‘आणुनी’ म्हटले की सतरावी मात्रा आली आणि पुढची ओळ उशिरा पडते. दुसऱ्या ओळीतल्या ‘स्वप्राणाने’मध्ये उलटे होते. ‘स्व’वर पुढच्या ‘प्रा’चा आघात येतो म्हणून तो गुरू. घाईत हलका गेला तर ओळ पंधरा मात्रांवर लंगडते. चौथ्या ओळीतल्या ‘जिच्या’वर मात्र आघात घ्यायचा नाही, तिथे ‘जि’ लघूच. संस्कृत वृत्तांची सवय असलेले नेमके इथे ‘जिच्च्या’ करतात. मराठीत ‘च्या’, ‘ल्या’, ‘व्या’ यांच्या आधीचे अक्षर बहुधा हलकेच राहते.

वेग: दर चार मात्रांना एक टाळी, मिनिटाला ६० टाळ्या. ओळ चार सेकंदांची, पाच ओळींचे कडवे वीस सेकंदांचे. आवाज चढला की वेगही चढतो. म्हणून पहिले दहा दिवस कुजबुजत म्हणायची, फक्त टाळी मोठी. जोशाची कविता कुजबुजताना हसू येते. ते आठवडाभरात थांबते.

श्वास दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या शेवटी. चौथीनंतरचा चुकला तर पाचवी ओळ, म्हणजे कडव्याचा सगळा भार जिच्यावर आहे ती, दमलेल्या आवाजात जाते. ‘फुंकिन’, ‘भेदुनि’ या शब्दांना माइक फटफटतो. माइक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, वीतभर अंतरावर ठेवला की तक्रार मिटते.

जोडीला ‘नवा शिपाई’. इथे १६ अधिक १२ मात्रा. पहिली ओळ ‘नव्या मनूंतिल नव्या दमाचा । शूर शिपाई आहे’ सरळ दोन तुकड्यांत पडते. दुसरीत गंमत आहे: ‘कोण मला वठणीला आणूं । शकतो तें मी पाहें’. यती, म्हणजे ओळीतला विसावा, ‘आणूं’वर, अर्थ मात्र ‘आणूं शकतो’ असा एकसंध. यतीवर श्वास घेतला तर वाक्य मोडते, आणि यती पूर्ण गाळली तर लय मोडते. उपाय असा, की ‘णूं’ किंचित लांबवायचा, श्वास घ्यायचा नाही आणि ‘शकतो’वर सूर खाली न आणता पुढे जायचे. अठ्ठावीस मात्रा एका श्वासात, सात सेकंद. मे महिन्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत एवढ्यावर घसा बसतो. त्यावर माठातले पाणी घोटघोट. फ्रिजचे नको.

जून: मनाचे श्लोक

शौर्याच्या यादीत मनाचे श्लोक कशाला, असा प्रश्न आलाच. २७ वा श्लोक काढा: ‘भवाच्या भये काय भीतोस लंडी । धरी रे मना धीर धाकासि सांडी’. लंडी म्हणजे भित्रा. मनाला एवढे रोखठोक कोण बोलते? सातवा (‘मना श्रेष्ठ धारिष्ट जीवी धरावे’), सत्ताविसावा आणि तिसावा, असे तीन घेतले.

श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात: चरणात बारा अक्षरे, लघु-गुरू-गुरू असा यगण चार वेळा. दर यगणाला एक ठोका, मिनिटाला ६०. श्लोक सोळा सेकंदांत होतो. या वेगाने सगळे २०५ म्हणायला पंचावन्न मिनिटे लागतील, ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी सांगितले. ठोका यगणाच्या दुसऱ्या अक्षरावर द्या: मनाश्रे, ष्ठधारि. पहिल्या अक्षरावर दिला की तो लघु आपोआप लांबतो आणि सगळे पाढ्यांसारखे ऐकू येते. शाळेत लागलेली सवय हीच.

हमखास पडण्याची जागा तिसाव्यात: ‘असा सर्व भूमंडळी कोण आहे’. बोलताना आपण ‘कोण्’ म्हणतो, इथे ‘ण’ पूर्ण अक्षर आहे. ‘कोणाहे’ झाले की बाराची अकरा अक्षरे. पुढच्या चरणात ‘जयाची लिळा’ असा ऱ्हस्व ‘लि’ वृत्तासाठी आहे. शुद्धलेखनाच्या मोहाने ‘लीळा’ केले की चौथे अक्षर गुरू होऊन चरण बसतच नाही. पाठभेदांवर वाद घालायचाच असेल तर फार लांब जायला नको. शं. श्री. देवांनी जमवलेली रामदासी बाडे (हस्तलिखिते) धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

जुलै: बहिणाबाई

यादीतली सगळ्यात अवघड कविता ही ठरली, आणि सगळ्यात धीटही. ‘लपे करमाची रेखा’. वैधव्य आलेली बाई दारात आलेल्या ज्योतिषाला परत पाठवते: ‘नको नको रे ज्योतिषा, नको हात माझा पाहू, माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ’. तलवार नाही, तुतारी नाही. ‘नही नशीब नशीब, तयहाताच्या रेघोट्या’ इतके सरळ बोलायला जी छाती लागते ती ओरडून दाखवता येत नाही.

मोजणी सोपी: प्रत्येक तुकडा आठ अक्षरांचा. इथे मात्रा मोजत बसू नका, अक्षरे मोजा. ‘तयहाताच्या’ची पाच आणि ‘रेघोट्या’ची तीन. ‘तय्हाता’ असा ‘य’ गिळला की सात.

खरी अडचण जिभेची. ही जळगावकडची लेवा गणबोली. पुण्या-मुंबईचे सरसकट अहिराणी म्हणतात, ते सोडा, पण आपल्या जाहिरातीवर तरी नीट लिहा. ळ च्या जागी य: कये म्हणजे कळे, तयहात म्हणजे तळहात. घरात ही बोली असलेले लोक मंचावर चढले की नकळत ‘कळे’, ‘मला’ करतात, कारण मंच म्हणजे शुद्ध बोलायचे हे शाळेने बिंबवले आहे. आणि तेच लोक ‘तुतारी’त ‘किंकाळीने’चे ‘किंकायीने’ आणि ‘आणुनि’चे ‘आनुनि’ करून बसतात. यावर एक सराव कामी आला. ‘तुतारी’चे एक कडवे, लगेच ‘लपे करमाची’चे एक, पुन्हा ‘तुतारी’, असे सहा फेरे, रोज. चौथ्या फेरीत जीभ गोंधळते, सहाव्यात सावरते. साधारण तीन आठवड्यांनी दोन्ही वेगळ्या राहू लागतात. ज्यांच्या घरी ही बोली नाही, त्यांनी नक्कल म्हणून हेल काढू नये. सपाट म्हटले तरी चालते, हेल खोटा पडला तर समोरच्या बायका पहिल्या ओळीतच ओळखतात.

बहिणाबाईंनी स्वतः लिहिले नाही, घरच्यांनी उतरून घेतले आणि संग्रह निघाला १९५२ साली, त्या गेल्यानंतर. त्यामुळे एकच छापील प्रत धरून ठेवा. कुंकू की कुकू, नही की नाही, हे दर तालमीला बदलू देऊ नका.

वेग मिनिटाला ६० च्याही खाली. कडव्यांमधली थांबण्याची जागा दोन सेकंदांहून कमी नको. लोक ती भरून काढायला धावतात.

ऑगस्ट: पोवाडा आणि डफ

तुळशीदासाच्या तानाजीच्या पोवाड्यातला एकच चौक (भाग) घेतला आहे. अफझलखान वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा त्याहून जुना, उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो, पण जुन्या भाषेमुळे तो पुढच्या खेपेला. पोवाड्यात ओळी मात्रांच्या मापाने कापलेल्या नसतात. शाहीर काही ओळी जवळजवळ बोलतो, काही ताणतो, आणि झीलकरी, म्हणजे मागचे साथीदार, ‘जी जी’ धरतात तिथे सम (तालाची पहिली मात्रा) सापडते. म्हणून पाठांतर झीलकऱ्यांसकटच करायचे. एकट्याने घरी पाठ केलेला चौक तालमीत हमखास फुटतो, कारण झील किती वेळ चालणार याचा अंदाज नसतो.

डफाचे पावसाळ्यात हाल. ओल धरली की कातडे सैल पडते, ‘टण्’च्या जागी ‘भद्’. शेकायचा तो कागदाच्या किंवा काडीकचऱ्याच्या झटपट आचेवर, डफ सतत फिरवत, आणि आच हाताला सोसेल इतक्या उंचीवर. एका जागी धरला तर कातडे तिथे आखडते आणि पुढे तिथूनच फाटते. भिजलेला डफ थेट शेकू नये, आधी फडक्याने टिपून सावलीत वाळू द्या. शेकलेला डफ दमट हवेत पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा उतरतो, तेव्हा पोवाडा कार्यक्रमात कितवा आहे ते पाहून शेका. मे महिन्यात उलटा धोका. उन्हात ठेवलेल्या गाडीत डफ राहिला तर कातडे ताणून तडकते, म्हणून कापडात गुंडाळून घरातच ठेवावा. प्लास्टिकच्या पानाचा डफ ही कटकट देत नाही, पण त्याचा आवाज डब्यासारखा.

कुसुमाग्रजांच्या दोन कविता आहेत. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ सगळ्यांना येते, तिच्यावर वेळ घालवला नाही. फक्त निवेदनात लढाईचे ठिकाण नेसरी आणि २४ फेब्रुवारी १६७४ ही तारीख घातली. ‘कणा’ची बाब वेगळी. शालेय स्पर्धांनी तिची वाट लावली आहे. शेवटचे ‘लढ म्हणा’ घसा ताणून, मूठ उगारून. अरे, पोरगा सरांकडे मागतो आहे ते! घर वाहून गेलेला माणूस मास्तरांसमोर ओरडत नाही. ते दोन शब्द आधीच्या ओळीपेक्षा हळू म्हणून पाहा.

ओरडायची परवानगी शेवटच्या बाबीला आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मिरवणुकीत शिरीषकुमार आणि सोबत्यांच्या तोंडी असलेली गुजराती घोषणा: ‘नही नमशे, नही नमशे, निशाण भूमि भारतनु’ (झुकणार नाही, झुकणार नाही, भारतभूमीचे निशाण). ती रस्त्यासाठीच होती. माइक बंद करून, सभागृहाच्या मागच्या दारापासून मंचाकडे चालत म्हणायची. चालताना पाऊल आणि ‘नमशे’ जुळत नाही, ही अडचण अजून आहे. पाऊल ‘न’वर टाकून पाहिले, ‘म’वरही. ‘शे’वर टाकणे बाकी आहे, ते रविवारच्या तालमीत. पोवाड्याच्या चौकाच्या शेवटच्या सहा ओळीही अजून कच्च्या आहेत.