पोरगी घाबरली नव्हती, आग लागली होती

मिथेनॉल म्हणजे रेसच्या गाड्यांत इंधन म्हणून वापरतात ते अल्कोहोल, त्याची आग दिवसाउजेडी दिसत नाही हे आम्हा रेस्क्यूवाल्यांना ट्रेनिंगच्या सुरुवातीलाच सांगतात. 1981 च्या इंडियानापोलिस रेसचा व्हिडिओ पण दाखवतात, रिक मिअर्स ह्या ड्रायव्हरच्या गाडीत पिटमध्ये इंधन भरताना सांडलं आणि पेटलं, त्यात माणसं अंग झटकत पळताना दिसतात आणि आग कुठेच नाही. व्हिडिओत सगळं कळतं कारण काय बघायचंय ते आधीच माहीत असतं, ट्रॅकवर तसं नसतं.

मी अमेरिकेत आयोवा राज्यात इमर्जन्सी नर्स आहे, आणि उन्हाळ्यात वीकेंडला जवळच्या एका मातीच्या ट्रॅकवर रेस्क्यू ट्रकवर ड्युटी करते. इकडे स्प्रिंट कारचं प्रचंड वेड आहे, नॉक्सव्हिल नावाच्या छोट्याशा गावात 1961 पासून ऑगस्टमध्ये नॅशनल्स ही त्यांची मोठी स्पर्धा भरते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. गाडी म्हणजे नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा, डोक्यावर 25 चौरस फुटांचा पंख, मोठ्या क्लासमध्ये 410 क्युबिक इंचाचं इंजिन, साधारण 900 हॉर्सपॉवर, आणि ड्रायव्हर धरून वजन साधारण 1400 पाउंड म्हणजे 635 किलो. स्टार्टर नाही, क्लच नाही, मागून ट्रकने ढकलून चालू करतात. इंधन मिथेनॉल, आणि त्याची टाकी ड्रायव्हरच्या बरोब्बर पाठीमागे.

बायकांची वेगळी रेस नसते, सगळे एकत्रच धावतात. एरिन क्रॉकरने 2004 मध्ये कॅलिफोर्नियात तुलारेला वर्ल्ड ऑफ आउटलॉज ह्या स्प्रिंट कारच्या मोठ्या मालिकेतली रेस जिंकली, मकेना हासने 2015 मध्ये नॉक्सव्हिलला जिंकली, इथल्या लोकांना हे सगळं तोंडपाठ आहे. तरी त्या दिवशी जे झालं ते झालंच.

जूनमधली संध्याकाळ, ऊन अजून चांगलं होतं, हीट रेस म्हणजे मुख्य रेसच्या आधीची छोटी रेस चालू होती. 19 वर्षांची मुलगी, तिसऱ्या वळणावर तिचं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर चढलं आणि गाडी उडाली. ही चाकं उघडी असतात ना, एकमेकांना लागली की गाडी सरळ हवेतच जाते. तीन-चार पलट्या खाऊन कुंपणाजवळ चाकांवरच येऊन पडली, पंख पार चुरगळलेला. रेस थांबवायचा लाल झेंडा लागला आणि आम्ही निघालो.

पोचलो तेव्हा ती आत बसलेली होती आणि हात आपटत होती. इथे एक सांगायला पाहिजे, पलटीत हात पिंजऱ्याबाहेर जाऊन चिरडू नयेत म्हणून ड्रायव्हरचे हात पट्ट्यांनी बांधलेले असतात, त्यामुळे हात फार वर येतच नाहीत, बाहेरून बघणाऱ्याला नुसती धडपड दिसते. आणि रेडिओ एकतर्फी असतो, कंट्रोल टॉवरचं तिला ऐकू येतं, तिचं कुणालाच ऐकू जात नाही. टॉवरवरून तिला कानात सांगत होते, गाडीतच थांब. कारण 2014 मध्ये न्यूयॉर्क राज्यात कॅनंडेग्वाला केव्हिन वॉर्ड ज्युनियर धडकेनंतर गाडीतून उतरून ट्रॅकवर चालत गेला आणि दुसऱ्या गाडीखाली गेला, तेव्हापासून नियम कडक झालेत, आग नसेल तर मदत येईपर्यंत आतच बसायचं.

आग नसेल तर!

माझ्याबरोबरचा सिनियर, बरीच वर्षं ह्याच कामात असलेला माणूस, पिंजऱ्याशी वाकून तिला म्हणत होता, शांत हो पोरी, श्वास घे, काही झालं नाहीये. मला म्हणाला, घाबरलीये फार. आणि खरं सांगायचं तर तसंच दिसत होतं. धूर नाही, ज्वाळा नाही. मी टाकीच्या बाजूला गेले आणि मागच्या कुंपणावरची जाहिरात दिसली, तिच्यातली अक्षरं हलत होती, उन्हात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तशी, पण फक्त गाडीच्या उजव्या बाजूलाच. तेवढ्यात पंखावरच्या स्टिकरची कड आपोआप वळायला लागली.

मी जोरात फायर ओरडले. पाणी मारलं, मिथेनॉल पाण्यात मिसळतं त्यामुळे भरपूर पाण्याने विझतं. तेवढ्यात तिनेच बेल्टचा खटका फिरवला, हाताच्या पट्ट्या त्याच्याबरोबरच सुटतात, स्टीयरिंग काढून फेकलं आणि बाजूच्या पाइपांमधून स्वतःच बाहेर आली. घाबरलेलं माणूस इतक्या क्रमाने सगळं करत नाही.

अँब्युलन्समध्ये सूट उघडला. सूट चांगला होता, एसएफआय ह्या सुरक्षा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं 3.2ए/5 लेबल, म्हणजे आगीत साधारण 10 सेकंद तरी कातडी वाचवतो, आणि वरून जरासा तपकिरी झाला होता एवढंच. पण उकडतंय म्हणून आतली नोमेक्सची, म्हणजे आगीला टिकणाऱ्या कापडाची बनियन तिने पिटमध्येच काढून ठेवली होती. आणि आत रोजची स्पोर्ट्स ब्रा, नायलॉनची. उजव्या काखेखाली बरगड्यांवर तिचं इलॅस्टिक वितळून कातडीला चिकटलं होतं, दोन बोटं रुंदीचा पट्टा, त्याच्या वर-खाली कातडी नुसती लाल आणि पट्ट्याखाली फोड. असं चिकटलेलं ओढून काढायचं नसतं, गार पाणी सोडत राहायचं आणि सुटा भाग आजूबाजूने कापायचा, तेच केलं. ती दात आवळून एकच वाक्य परत परत म्हणत होती, मी सांगत होते, मी सांगत होते.

तिचे वडील हेच तिचे क्रू चीफ, म्हणजे गाडी तयार करणाऱ्या टीमचे प्रमुख. हॉस्पिटलमध्ये मला सगळा हिशोब देत होते, बेल्ट ह्या वर्षीचे, हेल्मेट नवीन, सीटमधला फोम तिच्या अंगाच्या मापाने ओतून घेतलाय, मान सांभाळणारं हान्स नावाचं उपकरण आहे. सगळं खरं होतं आणि त्यामुळेच त्या पलट्यांतून तिची मान, पाठ, हाडं सगळं धड राहिलं. आत काय घालतेस हे मात्र कधी विचारलं नाही म्हणाले, बाप आहे मी, कसं विचारणार. रेसआधी तपासणी करणारे पण सगळे पुरुष, ते हेल्मेटचं लेबल बघतात, सूटचं बघतात, आतलं विचारायला त्यांनाही अवघड होतं. मला तिच्या वडिलांचा राग नाही आला, पण ह्या संकोचाचा आला. नट-बोल्ट तपासायला लाज वाटत नाही, मग आगीत सगळ्यात आधी जो वितळतो त्या कपड्याची का वाटावी?

तिला स्किन ग्राफ्ट लागलं नाही, सीझन संपायच्या आत परत गाडीत बसली. आता तपासणीच्या टेबलापाशी मी उभी राहते आणि सरळ विचारते, आत काय घातलंय, सिंथेटिक आहे का, तार आहे का. पोरांनाही विचारते, त्यांच्यातलेही पॉलिएस्टरच्या चड्ड्या-मोजे घालून येणारे निघतातच. आणि सिनियरने स्वतः ड्रायव्हर्स मीटिंगमध्ये उठून सांगितलं की गाडीत कोणी हात आपटताना दिसलं, पोरगा असो पोरगी असो, आधी पाणी मारणार, मग विचारणार. सगळ्यांसमोर हे म्हणणं सोपं नव्हतं त्याला, मला फार बरं वाटलं.

माझी भाची कोल्हापूरला कार्टिंग करते, पुढे कार रेसिंगमध्ये जायचं म्हणते. त्या आगीच्या रात्रीच ताईला फोन लावला होता. कार्टिंगचा सूट घासण्यापासून वाचवतो, आगीपासून नाही, त्यामुळे कारमध्ये बसायची वेळ येईल तेव्हा तोच सूट चालवू नका म्हटलं, आणि आतलं सगळं नोमेक्सचं पाहिजे, ब्रासकट. ताई म्हणाली, अगं तिच्या कोचला कसं सांगू हे. म्हटलं तू नको सांगू, नंबर दे, मी बोलते.