वाळूत भाजलेली भाकर

१ डिसेंबर, रात्र

आज तुआरेग लोकांमध्ये राहिलेले फ्रेंच धर्मगुरू, संत शार्ल द फूको यांचा सण. १९१६ साली याच तारखेला, अल्जीरियाच्या दक्षिण भागातल्या तामनरासेतमध्ये, त्यांना गोळी घालण्यात आली. सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या वेळी त्यांचं नाव ऐकलं आणि दिवसभर तुआरेग लोक मनातून गेले नाहीत.

त्यांच्यासाठी मी बरीच वर्षं प्रार्थना करतेय. सहारात उंट-शेळ्या घेऊन हिंडणारे हे लोक. पुरुष निळ्या फेट्याच्या पदराने तोंड झाकतात, बायकांचे चेहरे उघडे. धर्माने मुसलमान, आणि तिफिनाघ ही त्यांची स्वतःची लिपी. पूर्वी माझी प्रार्थना ठरलेली असायची: प्रभो, अंधारातल्या या लोकांना तुझा प्रकाश दाखव. आता ते शब्द ओठांवर येत नाहीत.

शेळीच्या दुधाची हकिकत वाचल्यापासून असं झालं. १९०७ च्या नाताळला फूकोंना मिस्सा अर्पण करता आला नाही. दुसरा एकही ख्रिस्ती जवळ नव्हता, आणि एकट्याने मिस्सा करायची परवानगी नव्हती. त्यात भयंकर दुष्काळ. जानेवारीत ते इतके आजारी पडले की हलवेना. तेव्हा तुआरेगांनी चार किलोमीटरच्या आसपास फिरून, जिच्या आचळात थोडंसं दूध उरलं होतं अशी एकेक शेळी शोधली आणि ते दूध त्यांना पाजलं. स्वतःची पोरं उपाशी असताना! हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

पुढे त्यांनी तुआरेगांच्या भाषेचा मोठा शब्दकोश रचला, त्यांच्या कविता लिहून घेतल्या. ख्रिस्ती मात्र जवळपास कुणी झालं नाही. फूको आधी फ्रेंच लष्करात अधिकारी होते आणि फ्रान्सच्या तिथल्या राजवटीवर त्यांचा विश्वास होता, हे मला खुपतं. संत म्हणताना ते झाकून ठेवावं असं मला वाटत नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना प्रभूच्या प्रार्थनेतलं 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' म्हटलं आणि हात थांबला. तुआरेगांकडे तवा नसतो. निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूत कणकेची जाड पोळी ठेवतात, वरून वाळू आणि निखारे लोटतात. भाजली की वाळू झटकून तिचे तुकडे रश्शात कुस्करतात आणि एकाच भांड्याभोवती बसून खातात. तीही भाकरच, आणि मागायची त्याच पित्याकडे.

प्रभो, तामनरासेतजवळच्या होगारच्या डोंगरांवर पाऊस पाड. २०१२ पासून मालीतली लढाई चुकवत मॉरिटानियात तंबू ठोकून राहिलेल्यांना त्यांची गुरं, त्यांच्या विहिरी परत मिळू देत. त्यांच्या शेळ्यांना दूध येऊ दे. आणि कधी माझं जाणं झालंच, तर त्या भांड्याभोवती मला पाहुणी म्हणून बसव.