वर्षभर वापरलेली गाडी विकताना

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. जेमतेम वर्षभर वापरलेली गाडी स्वतः गिऱ्हाईक शोधून विकावी की डीलरला देऊन मोकळे व्हावे, हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला बऱ्याच जणांनी विचारला आणि शिगम्याच्या सुट्टीत शेजारच्या वहिनींनीही विचारला. त्यांच्या यजमानांची बदली बेंगळुरूला झाली आहे, गाडी दहा महिन्यांची आहे आणि तिच्यावर बँकेचा बोजा, म्हणजे न फिटलेल्या कर्जाची नोंद, आहे. मी गाड्यांचा व्यवसाय करणारा नव्हे. फोंड्यातील एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. परंतु आयुष्यात दोन गाड्या विकल्या, एक डीलरला आणि एक स्वतः, आणि दोन्ही व्यवहारांचे कागद तारखेनुसार लावून ठेवले आहेत, म्हणून लोक माझ्याकडे येतात. बहुतेकांना पहिल्यांदा रक्कम ऐकायची असते, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करतो.

2025 च्या जानेवारीत मी पेट्रोलवर चालणारी एक लहान गाडी घेतली. शोरूमची किंमत 8,70,000 रुपये होती आणि रस्ता कर, नोंदणी, विमा, सीटची आवरणे वगैरे धरून दारात येईपर्यंत ती 10,10,000 रुपयांना पडली. त्याच वर्षी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, क्लच दाबणे अवघड होऊ लागले आणि तेरा महिन्यांनी ती गाडी विकून ऑटोमॅटिक घेण्याचे ठरवले. विकायला काढताना माझ्या मनात दहा लाखांचा आकडा होता, आणि जवळजवळ प्रत्येक विक्रेत्याची चूक येथेच सुरू होते. घेणारा माणूस तुमचे बिल पाहत नाही. तीच गाडी आज शोरूममध्ये कितीला मिळते, हे तो पाहतो. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. माझ्या गाडीवर आधी उपकरासह 29 टक्के कर होता, म्हणजे 8,70,000 ची गाडी नव्या दराने सुमारे 7,96,000 रुपयांची झाली. माझी गाडी अंगणात उभी असतानाच तिच्या किमतीतून चौऱ्याहत्तर हजार रुपये वजा झाले होते. रस्ता कर आणि सजावटीचा खर्च तर कोणीच भरून देत नाही. 2025 च्या सप्टेंबरपूर्वी गाडी घेतलेल्या प्रत्येकाने हा हिशेब आधी कागदावर मांडावा, म्हणजे समोरच्याने सांगितलेला भाव ऐकून विनाकारण अपमान वाटणार नाही.

डीलरने मला 6,20,000 रुपये सांगितले. घरी सर्वांना तो भाव लुटीचा वाटला. मला तसे वाटले नाही, आणि ते का, हे सांगणे आवश्यक आहे. डीलर ती गाडी सात लाखांना विकेल असे धरले, तर मधल्या 80,000 रुपयांवर त्याला 18 टक्के, म्हणजे 14,400 रुपये जीएसटी भरावा लागतो. 2024 च्या डिसेंबरमध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत वापरलेल्या सर्वच गाड्यांच्या नफ्यावर हा एकच दर ठरला. शिवाय ओरखडे घालवणे, गाडी महिना-दोन महिने उभी ठेवणे, तेवढे दिवस पैसे अडकून पडणे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हमी देणे हेही त्यातूनच करायचे असते. एका खासगी माणसाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर हा कर लागत नाही. म्हणून स्वतः विकण्यात जास्त पैसे मिळतात. ते देणारा कोणी अधिक उदार असतो म्हणून नव्हे, तर डीलरचे काम आणि त्याची जोखीम तुम्ही स्वतःच्या अंगावर घेता म्हणून.

ती जोखीम कशी असते, हे मी पहिल्या गाडीच्या वेळी शिकलो. 2014 मध्ये दोन वर्षे वापरलेली गाडी मी एका डीलरला दिली. त्याने धनादेश दिला, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि फॉर्म 30 च्या कोऱ्या प्रतींवर माझ्या सह्या घेतल्या आणि नाव लावण्याचे आम्ही पाहून घेतो, असे सांगितले. धनादेश वटला, तेव्हा गाडी विकली गेली असे मी समजलो. आठव्या महिन्यात किनारपट्टीवरील एका पोलीस ठाण्यातून फोन आला. माझ्या नावावरील गाडीने एका स्कूटरला धडक दिली होती आणि स्कूटरवरील मुलाचा पाय मोडला होता. गाडी चालवणारा बाहेरगावचा पर्यटक होता आणि त्याने ती भाड्याने घेतली होती. गोव्यात स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात; ही पांढऱ्या पाटीची, खासगी गाडी होती. डीलर म्हणाला, मी ती पुढे विकली. ज्याला विकली तो म्हणाला, मीही ती पुढे दिली. त्या साखळीतील एकाचेही नाव वाहतूक खात्याच्या नोंदीत नव्हते, फक्त माझे होते. भर पावसात मी आणि माझी पत्नी जबाब द्यायला गेलो, तेव्हा माझ्या हातात पुरावा म्हणून एक पावती होती आणि तिच्यावर गाडी ताब्यात दिल्याची वेळसुद्धा लिहिलेली नव्हती. विम्याची मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. तो अपघात महिनाभराने झाला असता तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. त्या मुलाचा पाय बरा झाला, हे मात्र मी स्वतः जाऊन पाहून आलो.

ही भीती केवळ माझी समजूत नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर 14 दिवसांत आणि परराज्यात असेल तर 45 दिवसांत हस्तांतरणाची सूचना द्यायची असते, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत ते कळवायचे असते. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या प्रकरणातही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती आणि नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण पैसे खात्यात जमा झाले की बहुतेक जण तो विषय संपला असे धरून चालतात.

1 एप्रिल 2023 पासून या बाबतीत एक चांगली सोय झाली आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन विभागाकडून अधिकृततेचे प्रमाणपत्र घ्यायचे, आणि तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात दिलीत की दोघांनी मिळून फॉर्म 29सी संगणकावरून भरायचा. तो स्वीकारला गेला की तेथून पुढे त्या गाडीचा मालक तो व्यापारी मानला जातो. अशी गाडी त्याला दाखवण्यासाठी, दुरुस्तीसाठी, रंगकामासाठी किंवा तपासणीसाठीच रस्त्यावर काढता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. 2014 मध्ये हा फॉर्म असता तर पोलीस ठाण्यातून मला फोन आला नसता. म्हणून डीलरकडे गेल्यावर भाव विचारण्याआधी प्रमाणपत्र विचारा. जो ते दाखवत नाही आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या मागतो, त्याने दहा हजार जास्त देऊ केले तरी त्याला गाडी देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गाडी मी स्वतः विकली, त्यासाठी पाच रविवार गेले. आलेल्यांपैकी काही जण नुसते बघायला आले होते. एकाने फोनवरच सौदा ठरवला, पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाका, असे सांगितले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी फोन ठेवला. एका गृहस्थांना साडेतीन लाख रोख द्यायचे होते. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख स्वीकारली तर आयकर कायद्याप्रमाणे घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणून त्यांना नम्रपणे नकार दिला. सावंतवाडीहून आलेले एक कुटुंब मात्र फार सज्जन होते आणि इतरांपेक्षा पंधरा हजार अधिक द्यायला तयार होते. तरीही मी थांबलो. गाडी महाराष्ट्रात जायची म्हणजे फॉर्म 28 भरून ना हरकत प्रमाणपत्र काढायचे, तेथे त्यांनी नव्याने कर भरून नोंदणी करून घ्यायची, आणि ते पुरे होईपर्यंत नाव माझेच राहायचे. त्यांच्या सज्जनपणाबद्दल मला शंका नव्हती, पण दुसऱ्या राज्यातील कार्यालयात माझे नाव कधी निघेल, हे त्यांच्याही हातात नव्हते.

शेवटी म्हार्दोळच्या एका जोडप्याशी व्यवहार जमला. जहाजावर नोकरी करणारे ते गृहस्थ सुट्टीवर आले होते आणि नव्या गाडीसाठी थांबायला त्यांना वेळ नव्हता. वर्षभराची गाडी घेणाऱ्यांत असे तारवटी पुष्कळ असतात आणि त्यांच्याशी व्यवहार लवकर होतो. ते आपल्या मेस्त्रीला घेऊन आले. मेस्त्रीने गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिली, दारांच्या कडांचे रबर ओढून पाहिले, मागच्या सीटखाली हात घालून ओल लागते का ते तपासले. आपल्याकडे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस असल्यामुळे एका वर्षाच्या गाडीलाही गंज आणि बुरशी चुकत नाही, आणि जाणते गिऱ्हाईक प्रथम तेच पाहते. बंपर एकदा कुंपणाला घासून रंगवून घेतला होता, हे त्यांनी विचारण्याआधीच मी सांगितले आणि त्याचे बिल दाखवले. त्यानंतर त्यांनी भावात फार घासाघीस केली नाही. 6,85,000 रुपये ठरले, म्हणजे डीलरपेक्षा 65,000 अधिक. पंचवीस हजार इसार घेतला आणि उरलेली रक्कम बँकेतून आल्यावरच दोघेही फोंड्याच्या आरटीओत गेलो. फॉर्म एकमेकांसमोर पूर्ण भरून सह्या केल्या. गाडी ताब्यात देताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहून दोघांनी सही केली आणि मी त्यांच्या परवान्याची प्रत ठेवून घेतली. वाहतूक खात्याच्या पोर्टलवर माझ्या नावाच्या जागी त्यांचे नाव दिसू लागले, तोपर्यंत मी रोज सकाळी ते उघडून पाहत होतो.

दोन लहान गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे फास्टॅग बंद करणे. नाहीतर नवा मालक कोल्हापूरला जातो आणि टोल तुमच्या खात्यातून कापला जातो. दुसरी म्हणजे विमा. गाडीबरोबर पॉलिसी जाते आणि घेणाऱ्याने 14 दिवसांत कंपनीला कळवून ती आपल्या नावावर करून घ्यायची असते, पण दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, हा माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. कंपनीकडून त्याचे पत्र घेतले तर तीन वर्षांपर्यंत तो नव्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. मला पहिल्या वर्षाची 20 टक्के सवलत ऑटोमॅटिकच्या विम्यात मिळाली.

आता वहिनींच्या गाडीविषयी. बोजा नसता, दोघे गोव्यातच राहणार असते आणि हातात दीड-दोन महिने असते, तर मी त्यांना निःशंकपणे स्वतः विका म्हटले असते, कारण दहा महिन्यांची गाडी दाखवायला सोपी असते आणि कंपनीची वॉरंटी शिल्लक असल्यामुळे गिऱ्हाईक विश्वासाने येते. परंतु त्यांना मेच्या अखेरीस घर रिकामे करायचे आहे. खासगी गिऱ्हाईक असेल तर आधी कर्ज फेडायचे, बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 मिळवायचा, बोजा उतरवायचा आणि मगच नाव बदलायचे. तोपर्यंत त्या माणसाने पैसे रोखून धरले तर त्यात त्याचा काही दोष नाही. बेंगळुरूला गेल्यावर प्रत्येक सहीसाठी रजा काढून फोंड्याला यावे लागेल. गाडी तिकडे न्यावी म्हटले तर कर्नाटकाचा रस्ता कर भरावा लागेल आणि तो आपल्यापेक्षा बराच जड आहे. म्हणून त्यांनी अधिकृत डीलरलाच द्यावी. कर्जाची रक्कम त्याने थेट बँकेत भरावी, उरलेली त्यांच्या खात्यात यावी आणि किल्ली देण्याच्या दिवशीच फॉर्म 29सी भरला जावा. पन्नास-साठ हजार कमी येतील, ते येऊ द्यावेत. वहिनी, बँकेकडून कर्जफेडीचा आकडा लेखी आला की मला सांगा. डीलरकडे जाण्याच्या दिवशी मी तुमच्याबरोबर येईन आणि फॉर्म भरून होईपर्यंत थांबेन.