आमची वाटचाल : एक काटा चाकाचा, एक माणसाचा

आमच्या सायकलच्या दुकानात दोन वजनकाटे आहेत. एक ओट्यावर, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर रिम, हब (चाकाचा मधला तुंबा), मूठभर तारा असं काहीबाही मोजत असतो. दुसरा दाराशी, दवाखान्यात असतो तसला. त्यावर गिऱ्हाईक उभं राहतं. पहिल्या काट्यानं आमच्याकडं गिऱ्हाईक आणलं, दुसऱ्यानं काही घालवलं. "चाक घ्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही," असं म्हणून पोट सावरत निघून गेलेले एक साहेब अजून आठवतात.

मूळ दुकान औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शहागंजात, घड्याळाच्या टॉवरपासून हाकेच्या अंतरावर. दुकान अण्णांचं, ते तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. पंक्चर, ओव्हरऑइलिंग आणि चाक बांधणं हे दुकानातले कारागीर चाचा यांच्याकडं. अठ्ठावीस इंची काळी सायकल, पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. लहानपणी मला वाटायचं, ही कंपनीची चूक आहे. चाचांनी एका दूधवाल्याची सायकल दाखवली. दोन्ही बाजूंना कॅन, वर गवताचा भारा, आणि त्यावर तो स्वतः. "वजन किधर है, देखो," एवढंच म्हणाले. बारा वर्षांच्या पोराला याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

चाचा कान लावून चाक बांधायचे. दोन तारा चिमटीत धरून दाबायच्या, मग नखानं एकेक छेडायची. एका बाजूच्या सगळ्या तारा साधारण एका सुरात वाजल्या की चाक झालं. एखादी बद्द वाजली की तिथं निप्पलला, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या बारीक नटाला, पाव आटा. आउट काढणं, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करणं, हे काम तेव्हा शहरातल्या प्रत्येक चौकात कुणी ना कुणी करायचं, पण चाचांनी आउट काढलेलं चाक पावसाळा निघाला तरी परत येत नसे.

मग मोटारसायकली आल्या. वाळूजच्या कारखान्यांतल्या कामगारांनीही सायकल सोडली. भाड्याचा धंदा बसला, आणि अण्णांनी दुकान पानटपरीला द्यायची बोलणी सुरू केली. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लहान मुलांच्या सायकली आणि व्यायामशाळेतल्या सायकलींचे पट्टे यावर घर चाललं.

सायकल परत आली ती वेगळ्याच लोकांच्या पायाखाली. डॉक्टर, प्राध्यापक, कारखान्यातले इंजिनियर. पहाटे पाचला निघायचं, दौलताबादच्या कोटाच्या दरवाजातून पुढं घाट चढून खुलताबाद, तिथून वेरूळ नाहीतर म्हैसमाळ, आणि ऊन तापायच्या आत घरी. पुढं बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, सुरू झाल्या : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. या मंडळींच्या सायकली लाखाच्या घरातल्या, आणि चाक बांधणारा माणूस शहरात सापडेना. मी गारखेड्यात भाड्याचा गाळा घेतला, तारेचा ताण मोजायचा मीटर मागवला आणि चाचांना घेऊन आलो. मीटर पाहून ते हसले. नंतर त्यांनी कानानं जुळवलेलं चाक मीटरनं तपासलं. त्यांच्या तारांतला फरक माझ्यापेक्षा कमी निघाला. मीटर अजून आहे, पण हसणं मला विसरता आलेलं नाही.

हलक्या चाकाचं वेड तेव्हापासूनचं. सायकलबरोबर येणारी अॅल्युमिनियमची जोडी दोन किलोच्या आसपास. चांगली हलकी जोडी दीड किलोची, कार्बनची त्याहून खाली. या अर्ध्या किलोसाठी लोक पगार घालतात. मीही त्या नशेत होतो, खोटं कशाला बोलू. हलकं चाक हातात घेऊन फिरवलं की जीव सुखावतो, आणि सिग्नलवरून सायकल सुटते तेव्हा ते जाणवतंही. रिमचं वजन परिघावर असतं, म्हणून वेग पकडताना ते जवळजवळ दुप्पट मोजलं जातं. पण ते वेग वाढत असेपर्यंतच. एकसारख्या चढावर ग्रॅम तो ग्रॅम, मग तो रिममध्ये असो की खिशातल्या चिक्कीत.

हे गणित मी पुढं दुकानातल्या फळ्यावर लिहून ठेवलं. माणूस ७५ किलो, सायकल ९, एकूण ८४. चाकांत ४०० ग्रॅम वाचवले म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. घाटाला वीस मिनिटं लागत असतील तर पाच-सहा सेकंद. अर्धी बाटली पाणी पायथ्याशी प्यायच्या ऐवजी ओतून दिलंत तरी तेवढंच, फक्त ते फुकट आहे. एक गिऱ्हाईक फळा वाचून खरोखर नुसतं टायर बदलून गेलं. त्या दिवशी अण्णांना फळा फारसा आवडला नाही.

फळा लिहायची अक्कल मात्र एका चुकीनंतर आली. एक मास्तर आले होते, वजन ब्याण्णव किलो. त्यांना मागचं चाक हलकं हवं होतं. मी ३२ ऐवजी २४ तारा घातल्या, त्याही बारीक. निप्पल पितळी न घेता अॅल्युमिनियमचे घेतले, रिमही पातळ. जवळपास दोनशे ग्रॅम वाचले. काट्यावर ठेवून फोटो काढला, दोघंही खूश. तीन महिन्यांनी दौलताबादचा घाट उतरताना तार तुटली, पाठोपाठ दुसरी. चाक वाकडं होऊन ब्रेकला घासलं आणि जाम झालं. मास्तर कठड्याला टेकून थांबले, कोपर सोलून निघालं. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब.

मी तुटलेल्या तारा बघत बसलो. दोन्ही डाव्या बाजूच्या, हबच्या वळणात तुटलेल्या. चेनकडची बाजू जास्त ताणलेली असते, तिथं तुटेल असं मला वाटायचं. पण मागच्या चाकात उजवीकडं कॅसेट, म्हणजे गियरच्या चकत्यांचा गठ्ठा, बसते, म्हणून उजव्या तारा उभ्या आणि ताठ, डाव्या तिरक्या आणि सैल. चाक फिरताना जी तार खाली येते ती क्षणभर ढिली पडते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. जी मुळातच सैल, ती जवळजवळ लोंबते. मागंपुढं वाकवून तार मोडतो तसंच हे. सातशे नंबरच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर दहा सेंटीमीटर, म्हणजे २०० किलोमीटरच्या एका बीआरएममध्ये एकेक तार पंच्याण्णव हजार वेळा हा मार खाते. ३६ तारांच्या चाकात एक तुटली तर चाक लडखडत घरी येतं. २४ मध्ये एक गेली की शेजारच्या दोघींवर भार पडतो आणि चाक तिथंच बसतं.

चाचांनी चाक हातात घेतलं, फिरवलं, आणि म्हणाले, "चक्का तो तुम काँटे के वास्ते बनाए, आदमी के वास्ते नै."

दुसरा काटा त्याच आठवड्यात आला. मास्तरांना ३२ तारांचं चाक फुकट बांधून दिलं. ते अजून त्यावर फिरतात आणि भेटलं की कोपर दाखवतात.

२०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींना एवढी मागणी आली की नंबर लावायची वेळ आली. त्याच लाटेत बिननावाचे कार्बन रिम ऑनलाइन घरी येऊ लागले. एकानं पन्नास मिलिमीटर उंचीची जोडी आणली, रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेकचं रबर रिमलाच घासतं तसली, आणि आम्ही ती बसवून दिली. मे महिना. म्हैसमाळहून उतरताना तो ब्रेक दाबूनच ठेवायचा. ब्रेकची उष्णता अॅल्युमिनियमच्या रिममध्ये पसरून निघून जाते, कार्बनमध्ये ती एका जागी साठते आणि थर धरून ठेवणारं रेझीन मऊ पडतं. रबरही जुनंच, अॅल्युमिनियमसाठीचं. रिम कडेला फुगला, ट्यूब फुटली. खुलताबादहून टेम्पोत सायकल घालून तो दुकानात आला. आमचा माल नव्हता, पण बसवणारा हात आमचाच होता. घाटात उतरणाऱ्याला रिम ब्रेकवर कार्बन आम्ही बसवत नाही. डिस्क ब्रेक असेल तर तापते ती डिस्क, रिमला धक्का नाही, मग बोलू. पुढच्या चाकाला उंच रिम घेणाऱ्याला मात्र जालना रोडच्या मोकळवनात उन्हाळी वारं आणि शेजारून जाणारा ट्रक यांची आठवण करून देतो. उंच रिम म्हणजे शीडच की.

आता नवं दुखणं बिनओठाच्या रिमचं. टायर धरून ठेवायला त्याच्या कडेला आतून ओठ नसतो, म्हणून हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास. टायरही त्या रिमसाठी चालतो असं लिहिलेलाच लागतो. आपल्याकडं जुनी सवय ११० भरायची, अंगठ्यानं दाबून दगडासारखं लागेपर्यंत. असं चाक देताना पंपाच्या काट्यावर ७० पाशी मी नेलपॉलिशनं रेघ मारून देतो. बायकोची बाटली संपली. खरं तर आपल्या रस्त्यांना २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचं टायर आणि कमी हवा हेच बरं. अजिंठ्याचा रस्ता कित्येक वर्षं उखडलेला होता तेव्हा ज्यांनी २३ चं टायर दगडासारखं फुगवून चालवलं, त्यांच्या मणक्यांना विचारा.

"तूर द फ्रान्सला तर हलकीच चाकं असतात," असं पोरं म्हणतात. असतात. तिथं सायकल ६.८ किलोच्या खाली नसावी असा नियम आहे, आणि मागं गाडीच्या टपावर तयार चाकं असतात. कन्नडच्या घाटात तुमचं चाक बसलं तर टप एसटीचा, तोही कंडक्टरच्या मर्जीवर.

अण्णा आता दुकानात येत नाहीत. चाचा शुक्रवारी नमाजनंतर येतात, ओट्यावर लावलेली चाकं छेडतात, आणि एखादी तार पसंत पडली नाही तर काही न बोलता निप्पलचा पाना माझ्यापुढं सरकवतात.

बांधलेलं चाक आम्ही त्याच दिवशी देत नाही. रात्रभर ठेवतो, सकाळी दाबून, ताणून पुन्हा बघतो, आणि पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर परत आणायला सांगतो, त्याचे पैसे नाहीत. बीआरएमची गर्दी दिवाळीच्या पुढं-मागं होते. तेव्हा चाक बांधून हवं असेल तर गणपतीतच आणून टाका. येताना सायकल आणा, नेहमीच्या रस्त्याचं नाव सांगा, आणि बूट काढून काट्यावर उभे राहा.